टीचरची वही आणि मडगावच्या मुलाचं ॲप: ग्लायडर हंगामाची गुणसेवा, दोन वर्षं वापरून

फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात ३२ वर्षं गणित शिकवलं. हजेरीपट, गुणपत्रिका, सरासरी, ग्रेस मार्क हे माझं रोजचं. ग्लायडर माझा नव्हे, तो आमच्या ह्यांचा. निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात, हे घारींच्या मागे लागले. घार पंख न हलवता जिथे गोल गोल वर चढते तिथे गरम हवेचा खांब असतो. त्याला थर्मल म्हणायचं आणि आपलं मॉडेल त्यात नेऊन घालायचं. मोटर नाही, इंजीन नाही, हातात फक्त रिमोट. पहिल्या वर्षी मी छत्री आणि चहाचा थर्मास घेऊन सोबत गेले, दुसऱ्या वर्षी माझ्या हातात स्टॉपवॉच आलं आणि तिसऱ्या वर्षी वही.

उडवणारे अकरा, बारावी मी. त्यात एक पोदेर (पाव भाजणारा) आहे, एक दाताचा डॉक्टर, दोघे बँकेतून निवृत्त झालेले, एक शिरगावच्या लईराई देवीचा धोंड (व्रत धरणारा भक्त), बाकी इंजिनिअरिंगची आणि नोकरीतली मुलं. सगळे मला टीचर म्हणतात. तिघे खरोखरच माझ्या वर्गात होते आणि त्यातल्या एकाला मी नववीत नापास केलेलं आहे. तो आजतागायत माझ्या बेरजा तपासतो.

आता ज्या सेवेबद्दल लिहायचं ती. मडगावचा एक मुलगा आमच्यासारख्या छोट्या मंडळींच्या स्पर्धांचं गुणांकन करून देतो. हंगामाला २,२०० रुपये, पंधरा खेळाडूंपर्यंत. त्यात मोबाईलवरचं ॲप, प्रत्येक स्पर्धेचे ग्रुप पाडून देणं, छापलेले टायमरचे कागद आणि हंगामाचा एकत्रित तक्ता. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि पोर होतकरू आहे. दोन हंगाम पैसे भरून वापरलं, तेवढ्यावर लिहिते.

आम्ही खेळतो तो प्रकार एफ-थ्री-के. फेडरेशन एरोनॉटिक इंटरनॅशनल म्हणून १९०५ पासूनची जागतिक संघटना आहे, हे वर्गीकरण तिचं. पंखांचा पसारा १,५०० मिलिमीटरच्या आत, वजन ६०० ग्रॅमच्या आत. पंखाच्या टोकाला एक छोटी खुंटी असते, ती दोन बोटांत धरायची, स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि थाळीफेकीसारखं सोडून द्यायचं. चांगला हात असेल तर मॉडेल शिट्टी वाजवत चाळीस-पन्नास मीटर सरळ वर जातं. आमच्या ह्यांचा हात साठीनंतरचा, तीसवर समाधान. मग १० मिनिटांच्या वर्किंग टाइममध्ये ठरवून दिलेलं काम करायचं. उदाहरणार्थ, पाच उड्डाणं, प्रत्येकाचे जास्तीत जास्त १२० सेकंद धरायचे. आखलेल्या जागेच्या बाहेर उतरलात तर ते उड्डाण शून्य. आमच्या सड्याच्या (जांभ्या चिऱ्याच्या पठाराच्या) उतारावर काजूची झाडं आहेत, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये हे शून्य बोंडांच्या वासासकट येतं.

जागा केपे तालुक्यातला एक सडा. दाबोळी विमानतळापासून लांब, ड्रोनच्या नकाशात हिरव्या पट्ट्यात, म्हणजे २०२१च्या नियमांप्रमाणे ४०० फुटांपर्यंत मुभा. घार त्याच्या वर गेली तरी आमचं मॉडेल जायचं नाही. सकाळी आठला सुरू करायचं आणि अकराच्या आत आवरायचं, कारण नंतर समुद्रावरून वारा आत शिरतो आणि थर्मलचा पार चोथा करतो. सहा राऊंड, प्रत्येक राऊंडला सहा आणि पाच असे दोन ग्रुप. सहाजण उडवतात तेव्हा उरलेले पाच आणि मी मिळून सहा टायमर होतो. एकही माणूस कमी पडून चालत नाही.

सेवेचं सगळ्यात चांगलं काम आधी सांगते, ते म्हणजे हजाराचा हिशेब. हा काही त्या मुलाचा शोध नव्हे, जगभर असंच करतात, पण माझ्या वहीत मी पहिली दोन वर्षं नुसते सेकंद बेरजेला घेत होते आणि ते चूक होतं. गेल्या जानेवारीतला एक राऊंड बघा. पहिला ग्रुप साडेआठला उडाला. चिरा अजून तापला नव्हता, हवा मेलेली. त्यात सगळ्यात जास्त वेळ निघाला पाच उड्डाणांचा मिळून २६२ सेकंद. डॉक्टर २०९ वर. पंधरा मिनिटांनी दुसरा ग्रुप उभा राहिला आणि सड्याच्या कडेवरून दोन लाल पाठीच्या घारी वर चढल्या. त्या ग्रुपात पहिला ५७१, आमचे हे ४५५. नुसते सेकंद धरले तर ह्यांनी डॉक्टरला दुपटीहून जास्त मारलं. ह्यांनी ते संध्याकाळपर्यंत चारदा सांगितलंही. पण हजाराच्या हिशेबात प्रत्येक ग्रुपातल्या पहिल्याला १,००० आणि बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. डॉक्टर ७९८, हे ७९७. डॉक्टर एका गुणाने पुढे. मेलेल्या हवेत २०९ काढणं आणि घारी समोर असताना ४५५ काढणं यात मला तरी पहिलं जास्त कठीण वाटतं. कुठल्या ग्रुपात नाव निघालं हे कोणाच्या हातात नसतं, तेव्हा तुलना त्याच हवेत उभ्या असलेल्यांशीच व्हायला हवी.

ह्याची एक बोचरी बाजू आहे. एकालाच थर्मल लागला आणि तो ५४८ वर गेला की बाकीचे २१५ वाले थेट ३९२ वर येतात. पोदेराने हे आमच्याशी तीनदा केलं. पहाटे भट्टीशी उभा राहिल्यामुळे त्याला गरम हवा दिसते असं बाकीच्यांचं म्हणणं. मुलं कुरकुरली की एवढी तफावत अन्यायाची आहे. मी म्हटलं, घार सगळ्यांनाच दिसत होती, तिच्याखाली जायचं धाडस एकाने केलं.

ग्रुप पाडणं मात्र पहिल्या हंगामात वाईट होतं. ॲप चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं काढायचं. डिसेंबरच्या स्पर्धेत धोंड आणि पोदेर सहापैकी पाच राऊंड एकाच ग्रुपात आले. पोदेर आमचा सगळ्यात तगडा, त्यामुळे धोंडाचा हजार पाच वेळा पोदेराच्या सेकंदांवरून मोजला गेला आणि दुसरीकडची पोरं मोकाट. मी कागद घेऊन बसले. अकराजणांच्या जोड्या होतात ५५. सहाच्या ग्रुपात १५ जोड्या भेटतात, पाचच्या ग्रुपात १०, म्हणजे राऊंडला २५ आणि सहा राऊंडांत १५०. १५० भागिले ५५, जेमतेम पावणेतीन. म्हणजे नीट मांडणी केली तर कुठलीही जोडी साधारण दोन-तीनदा भेटली पाहिजे. हे मी त्याला फोनवर सांगितलं तर पलीकडे शांतता. मग म्हणाला, "टीचर, तुमी सांगतात तशें करतां." आणि केलंही. दुसऱ्या हंगामात एकही जोडी चारच्या वर भेटली नाही. याला पूर्ण गुण.

वेळ भरण्याच्या रकान्यात एक भानगड होती, ती कुणाच्याही नजरेतून सुटली असती. एक मिनिट पंचेचाळीस सेकंद झाले की आपण सहज १.४५ लिहितो. ॲपने ते दशांशात वाचलं, १.४५ मिनिटं, म्हणजे ८७ सेकंद. खरे होते १०५. अठरा सेकंद हवेत विरले, आणि तेही सगळ्यांचे नाही, फक्त ज्यांच्या टायमरने तसं लिहिलं त्यांचेच. मला संशय आला तो नववीत नापास झालेल्यामुळे. त्याने स्वतःचा कागद पाठ केला होता. आता रकाना फक्त सेकंदांचा आहे आणि १२० च्या वर आकडा घातला तर लाल होतो. छापील कागदही बदलले. छोटी गोष्ट, पण सड्यावर वाऱ्यात फडफडणाऱ्या कागदावर, चिऱ्याचा तुकडा वजनाला ठेवून लिहिताना डोक्यात साठाने गुणाकार होत नाहीत. माझे होतात, बाकीच्यांचे नाही.

आणि ती पेनल्टी. ह्याच नापास विद्यार्थ्याचं मॉडेल फेब्रुवारीत माझ्या छत्रीवर येऊन आदळलं. छत्रीखाली मी. काडी मोडली, मला काही झालं नाही, पण नियम म्हणजे नियम, आमच्याकडे माणसाच्या अंगावर मॉडेल आणलं की १०० गुण वजा. आमच्यात सहाही राऊंड झाले तर प्रत्येकाचा सगळ्यात खालचा एक राऊंड वगळतात. त्याचा तोच राऊंड सगळ्यात वाईट होता, तो वगळला गेला आणि सोबत माझ्या छत्रीचे १०० गुणही वगळले गेले! आंतरराष्ट्रीय नियमांत हे स्पष्ट आहे: राऊंड वगळला तरी पेनल्टी राहते, एकूण बेरजेतून ती कापतात. ॲपमध्ये ती राऊंडला चिकटवलेली होती. दुरुस्तीला सात आठवडे लागले, दर खेपेला "फाल्यां करतां", म्हणजे उद्या करतो. शेवटी मीच तक्त्यावर लाल पेनाने १०० कापले आणि फोटो ग्रुपवर टाकला.

आता मुख्य भांडण. हे घरातही झालं, म्हणून जरा सविस्तर.

आमचा हंगाम नोव्हेंबर ते मे, सात स्पर्धा. प्रत्येक स्पर्धेतल्या पहिल्याला पुन्हा १,००० आणि बाकीच्यांना प्रमाणात, म्हणजे वाऱ्यामुळे चारच राऊंड झालेली स्पर्धा आणि सहा राऊंडांची स्पर्धा एकाच मापात येतात. इथवर ठीक. पण गोव्यात सात रविवार मोकळे असलेला माणूस दाखवा. पोदेराला नाताळच्या आधीच्या रविवारी भट्टी सोडता येत नाही आणि गावचं फेस्त असलं की त्या दिवशी तर नाहीच. धोंडाची वैशाखातली जत्रा, त्याआधीचं व्रत, त्या दिवसांत तो सोवळ्यात, रिमोटला हात लावणार नाही. कोणाची फातर्प्याची जत्रा, कोणाची परीक्षा. पहिल्या हंगामात ॲपने काय केलं, तर जो आला नाही त्याच्या रकान्यात ० घातला आणि सातही बेरजेला घेतले.

३२ वर्षं मी हजेरीपट भरला आहे. शून्य वेगळं आणि गैरहजर वेगळं. पेपर दिला आणि काही आलं नाही तर शून्य. पेपरलाच नव्हता तर 'गै'. एकाच रकान्यात दोन्ही घातले तर उद्या पालक दारात येतो आणि त्याचं बरोबर असतं.

हंगामअखेरचे आकडेच देते. पोदेर पाच स्पर्धांना आला: १,०००, ९६२, ९४८, ९८१, ९५५. बेरीज ४,८४६. आमचे हे सातही रविवार हजर, सर्दी असतानाही: ८७१, ९०२, ८४६, ९१५, ८८८, ८५९, ८९३. बेरीज ६,१७४. ॲपच्या तक्त्यात हे दुसरे, पोदेर खाली कुठेतरी आठवा. सातही वेळा ९१५ च्या वर न गेलेला माणूस एकदाही ९४८ च्या खाली न आलेल्याच्या पुढे! ही हजेरीची स्पर्धा झाली. तिला बक्षीस द्यायचं तर वेगळं द्या, शाळेत देतात तसं.

मी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ॲपाक कशें कळटलें कोण आयला आनी कोण ना?" बरोबर होतं, रकानाच नव्हता. मग त्याने दोन दिवसांत 'गै' चा रकाना दिला आणि वर एक बटण दिलं: किती स्पर्धा वगळायच्या ते निवडा. इथे त्याने चांगल्या मनाने घोळ केला. ते बटण प्रत्येकाच्या मोबाईलवर, कधीही फिरवता येणारं. एप्रिलमध्ये, सहा स्पर्धा झाल्यावर, ग्रुपवर तीन वेगवेगळे तक्ते फिरायला लागले. एक वगळली तर एकजण पहिला, दोन वगळल्या तर दुसराच, काही नाही वगळलं तर आमचे हे दुसरे. प्रत्येकाने आपल्याला सोयीचं बटण दाबून स्क्रीनशॉट टाकलेला. ह्यांनी टाकलेलाही मी पाहिला.

एकाने सुचवलं, सरासरी घ्या. मग नोव्हेंबरात एकदाच येऊन ९९० काढून गायब झालेला विद्यार्थी हंगामाचा विजेता. दुसरा म्हणाला, मोटार शर्यतीसारखं करा, फॉर्म्युला वनमध्ये २०१० पासून पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५ देतात तसं. तिथे वीस-बावीस गाड्या असतील, आम्ही अकरा. आणि आमच्याकडे पहिला-दुसरा कधी कधी दोन गुणांनी वेगळे असतात. दोन गुणांच्या फरकाला सात गुणांची शिक्षा कशाला?

शेवटी सड्यावरच, पोयी आणि मिक्स भाजी खाता खाता ठरलं: सातांतल्या सर्वोत्तम पाच. दोन 'गै' कोणालाही परवडतील, तिसरा आला तर तो मोजायचा. सातही आलेल्याला दोन वाईट रविवार टाकून देता येतील, तेवढा त्याला हजेरीचा फायदा आणि तेवढाच पुरे. हंगाम संपल्यावर ह्यांचे ८४६ आणि ८५९ गेले, राहिले ४,४६९. पोदेराचे ४,८४६ जसेच्या तसे. पोदेर पहिला, डॉक्टर दुसरा, धोंड तिसरा, हे दुसऱ्यावरून चौथे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जेवताना ह्यांनी "हुमण वाढ" एवढंच म्हटलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "नियम बरोबर आहे. पण तू तो एप्रिलात केलास." तिथे मात्र मला बोलता आलं नाही. सातांतल्या सहांचा निकाल डोळ्यांसमोर असताना आम्ही नियम ठरवला होता. नियम चांगला असला तरी वेळ चुकलेली. परीक्षा झाल्यावर उत्तीर्णतेची टक्केवारी ठरवणाऱ्या शाळेला मी काय म्हटलं असतं?

दुसऱ्या हंगामासाठी त्या मुलाला मी एकच अट घातली: ते बटण काढ. किती वगळायच्या, किती राऊंड झाले तर स्पर्धा धरायची (आम्ही चार ठेवले), बरोबरी झाली तर वगळलेल्यातली चांगली स्पर्धा बघायची, हे सगळं पहिल्या स्पर्धेआधी भरायचं आणि मग कुलूप. त्याने ते केलं. आता पहिला निकाल चढला की ते रकाने करडे होतात, मलाही उघडता येत नाहीत. मी प्रयत्न करून पाहिला.

अजून न सुधारलेल्या गोष्टी दोन. सड्यावर रेंज नाही आणि ॲपला इंटरनेट लागतं, तेव्हा सगळं वहीत लिहून घरी येऊन भरावं लागतं. रविवारची दुपार त्यात जाते. आणि प्रत्येक राऊंडचे गुण पूर्णांकात करून मगच बेरीज होते. ७९६.८५ चे आधीच ७९७ करायचे आणि मग सहा राऊंड मिळवायचे, यात गुण-दोन गुण इकडचे तिकडे होतात. पूर्णांक शेवटी करायचा असतो, हे मी सातवीला शिकवत होते.

पाचात साडेतीन तारे. पहिल्याच हंगामावर विचारलं असतं तर दोन दिले असते. १५ जणांच्या आतली मंडळी असाल, कोणीतरी वही सांभाळणारं असेल आणि फोनवर वाद घालायची तयारी असेल तर २,२०० रुपये वाया जात नाहीत. मुलगा ऐकतो, हे मोठं. उशिरा ऐकतो, हेही खरं.

तिसऱ्या हंगामाचे पैसे चवथीच्या आधीच भरले. नियमांचा एक कागद छापून अकराजणांच्या सह्या घेतल्या. धोंडाने सही करण्याआधी पंचांग काढून मेची तारीख पाहिली आणि ती एक आठवडा पुढे सरकवून घेतली. पोदेराने डिसेंबरच्या तारखेपुढे स्वतःच 'गै' लिहिलं. ह्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, सही केली आणि विचारलं, छत्री नवीन घेतलीस का?